टी ते झेड आडनावांचे खेळाडू

“वंदना गारू, हे काय चाललंय ते आता तुम्हीच सांगा,” म्हणत आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी, राजशेखर सरांनी, त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ‘गारू’ म्हणजे तेलुगूतलं ‘जी’.

स्क्रीनवर आमच्या गेमचा फोरम उघडा होता. गेम विकत घेतलेले लोक तिथे एकमेकांशी बोलतात, भांडतात, आणि फुरसत मिळाली की आम्हाला शिव्या घालतात. सगळ्यात वरच्या पोस्टचं नाव होतं ‘फासे खोटे आहेत’. खाली उत्तरांची रांग लागलेली. कुणाचा खेळाडू वाया गेला, कुणाचे दोन गेले. एकाने लिहिलं होतं, पाच सीझन ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं तो पोरगा एका वर्षात मातीत गेला.

“केटचा मेल आलाय,” सर म्हणाले. “शुक्रवारच्या कॉलवर तिला उत्तर पाहिजे. नव्या अपडेटनंतर हे सुरू झालं म्हणते. आणि त्या अपडेटमध्ये इंजिनला हात कुणी लावला होता? शिरीषाने.”

केट ही अमेरिकेतल्या क्लायंट कंपनीची प्रोड्यूसर. गेम त्यांचा आहे. आम्ही इथे सिकंदराबादजवळ कुकटपल्लीत बसून त्यातला एक भाग सांभाळतो. शिरीषा माझ्या टीममधली प्रोग्रॅमर, दोन वर्षांपूर्वी वरंगलहून आलेली. कामात चोख, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा.

“बग निघाला तर तिला बेंचवर टाकावं लागेल,” सर म्हणाले. “क्लायंटला काहीतरी दाखवावं लागतं.”

बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. बेंच म्हणजे हातात प्रोजेक्ट नाही, नुसतं येऊन बसायचं. आमच्याकडे बेंचवर गेलेला माणूस सहसा तीन-चार महिन्यांत दुसरी नोकरी शोधताना दिसतो.

“बग नाही सर,” मी म्हणाले. “ते रँडम आहे. लोकांना रँडम गोष्ट कधी पटत नाही.”

“खात्रीने सांगता?”

“खात्रीने.”

पुढचं सांगण्याआधी कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर गोष्ट कळणार नाही.

आमचा गेम बेसबॉलचा, पण त्यात खेळणारा माणूस बॅट हातात घेत नाही. तो टीमचा मॅनेजर असतो. खेळाडू निवडायचे, सांभाळायचे, कुणाला कधी उतरवायचं ते ठरवायचं. सामना कॉम्प्युटर खेळतो. प्रत्येक खेळाडूला वीसपासून ऐंशीपर्यंत रेटिंग असतं. पिचर, म्हणजे आपल्या बोलरसारखा चेंडू टाकणारा, पंचाहत्तरचा असेल तर सोनं. पस्तीसचा असेल तर त्याला कुणी विचारत नाही.

ही रेटिंग कायमची नसतात. गेममधल्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला आमचं डेव्हलपमेंट इंजिन, म्हणजे रेटिंग बदलणारा प्रोग्रॅम, लीगमधल्या एकेका खेळाडूसाठी फासा टाकतं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधी रेटिंग एक-दोनने वाढतं, कधी उतरतं. तरुण असेल तर फासा थोडा वरच्या बाजूला झुकलेला, वय झालं असेल तर खालच्या. पण शेवटी फासाच. तो नसता तर गेम पहिल्याच दिवशी संपला असता. कोण मोठा होणार ते आधीच ठाऊक असेल तर मॅनेजर कशाला व्हायचं?

हे इंजिन सात वर्षांपूर्वी मी लिहिलं. मी मूळची स्टॅटिस्टिक्सची. आमचं घराणं देगलूरकडच्या शेतकऱ्यांचं. वडील रेल्वेत लागून सिकंदराबादला आले आणि आम्ही इथलेच झालो. एम.एस्सी.ची पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं, तेव्हा अफझलगंजच्या लायब्ररीत बसून वह्या भरल्या. पुढे नऊ वर्षं डिग्री कॉलेजात शिकवलं. माझाच एक विद्यार्थी या कंपनीत होता. त्यांना प्रॉबॅबिलिटी कळणारं माणूस हवं होतं, आणि बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ एवढंच ज्ञान असलेली मी इथे आले.

कॉलेजात मी दरवर्षी एक प्रयोग करायची. अर्ध्या वर्गाला नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायला सांगायची. उरलेल्या अर्ध्यांनी नाणं न उडवता मनानेच शंभर छापा-काटा लिहायचे. मग मी वर्गात येऊन कुठला कागद खरा आणि कुठला बनावट ते ओळखायची. बहुतेक वेळा बरोबर. कारण सोपं आहे. मनाने लिहिणारा सलग सहा छापे लिहायला घाबरतो. खरं नाणं घाबरत नाही. पोरं टाळ्या वाजवायची. मला तो खेळ फार आवडायचा, आणि खरं सांगायचं तर त्यातून थोडी मस्तीही चढली होती. लोकांना रँडम कळत नाही, मला कळतं.

त्याच मस्तीत मी फोरमसाठी एक लांब उत्तर लिहिलं. नाण्याचं उदाहरण दिलं. आपला खेळाडू घसरला की आठवणीत राहतो, वाढला की आपण स्वतःची पाठ थोपटतो, असंही लिहिलं. उत्तर सरांना आवडलं.

गुरुवारी एका ग्राहकाचा मेल सपोर्टकडून माझ्याकडे आला. मिस्टर व्हीलर. अमेरिकेतल्या एका लहान गावात राहणारे, शाळेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं एका ओळीत होतं: ज्या खेळाडूंची आडनावं टीपासून झेडपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होतात, ते घसरतात.

मी तो मेल पॅन्ट्रीत चहा पिताना टीमला वाचून दाखवला. सगळे खो खो हसले. आमचा टेस्टर इम्रान म्हणाला, “मॅडम, उन से पूछो, अमावस को जास्ती गिरते क्या?” मीही हसले.

शिरीषा तेवढी हसली नाही. “माझं आडनाव यलमंचिली आहे मॅडम,” ती म्हणाली. “आमच्यात आडनाव आधी लावतात. परीक्षेत माझा नंबर कायम शेवटच्या हॉलमध्ये, जिथे पंखा चालत नाही.”

त्यावरही सगळे हसले. मी व्हीलर यांना सौम्य भाषेत उत्तर पाठवलं: माणसाच्या डोळ्याला पॅटर्न शोधायची सवय असते, आकाशातल्या ढगांतही आपल्याला हत्ती दिसतो, वगैरे.

शुक्रवारी सकाळी साडेसातला कॉल झाला. तिकडे त्यांची गुरुवारची संध्याकाळ. केटने थेट विचारलं, “वंदना, इंजिनमध्ये काही बिघडलंय का?”

“नाही.”

“तुम्ही तपासलं?”

“इंजिन मीच लिहिलंय,” मी म्हणाले.

आज आठवलं की कळतं, तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण तिने ते उत्तर म्हणून घेतलं. माझा खुलासा माझ्या नावासकट फोरमवर लावला. मुख्य इंजिनिअर म्हणतात, फासे खरे आहेत. सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाहेर आल्यावर मी शिरीषाला म्हणाले, “झालं, निवांत राहा.” तिने मान हलवली, पण निवांत काही दिसली नाही.

सोमवारी व्हीलर यांचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी लिहिलं होतं: ‘मॅडम, ढगातला हत्ती मलाही दिसतो आणि तो हत्ती नसतो हेही मला कळतं. मी आयुष्यभर शाळेची रजिस्टरं लिहिली. सवय सुटत नाही म्हणून माझ्या खेळाडूंचंही रजिस्टर ठेवतो, आडनावाप्रमाणे. सोबत पाठवतो. एकदा नजर टाका.’

सोबत स्कॅन केलेली अकरा पानं होती. नव्या अपडेटनंतर त्यांनी खेळलेल्या प्रत्येक सीझनचं एक पान. आखीव रकाने, सुबक अक्षर. डावीकडे आडनावं ए ते झेड, पुढे वर्षाच्या सुरुवातीचं रेटिंग, शेवटचं रेटिंग, आणि फरक. वाढ निळ्या शाईत, घट लाल शाईत.

मी पानं छापून टेबलावर एकाशेजारी एक मांडली. वरच्या भागात निळं-लाल मिसळलेलं होतं, जसं असायला हवं तसं. पानांच्या तळाला मात्र फक्त लाल होतं. अकराच्या अकरा पानांवर. मी लाल शाईकडे पाहत नव्हते. मी एखादा निळा आकडा शोधत होते. टीच्या खाली अकरा वर्षांत एकाही खेळाडूचं रेटिंग वाढलं नव्हतं. एकाचंही नाही.

नशीब वाईट असू शकतं. इतकं शिस्तीचं नसतं.

मी शिरीषाला बोलावलं आणि पानं दाखवली. तिने खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. “मॅडम, आपण चालवून बघू या ना,” ती हळूच म्हणाली. हे गेल्या आठवड्यातच मी म्हणायला हवं होतं.

चालवून बघायचं म्हणजे असं: चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसतं इंजिन सुरू करायचं आणि कॉम्प्युटरला शेकडो सीझन एकामागून एक खेळायला लावायचे. मग प्रत्येक खेळाडूचं काय झालं ते आडनावाच्या अक्षराप्रमाणे मांडायचं. शिरीषाने अर्ध्या तासात स्क्रिप्ट लिहिली. जेवून आलो तेव्हा आलेख तयार होता. एपासून आरपर्यंत रेघ जवळजवळ सपाट. एसपाशी ती वाकायला लागली, आणि टीच्या पुढे जिन्यावरून उतरल्यासारखी खाली गेली.

इम्रान मागून वाकून बघत होता. या वेळी तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

बग कुठे आहे ते शिरीषाला माझ्याआधी सापडलं. ते सोपं करून सांगते.

इंजिनमध्ये एक नियम मीच घातला होता. लीगमधले सगळेच खेळाडू वाढत गेले तर वीस सीझननंतर सगळे ऐंशीचे होतील आणि गेमला अर्थ राहणार नाही. म्हणून दर महिन्याला लीगमध्ये एकूण वाढ किती होऊ शकते याचा कोटा ठेवला होता. कोटा संपला की त्या महिन्यात पुढे कुणाचं रेटिंग वाढणार नाही. उतरण्याला मात्र कोटा नव्हता.

पंगतीचं उदाहरण घ्या. जिलबी एका टोकापासून वाढत आणली आणि शेवटच्या पानांपर्यंत पोचायच्या आधी परात रिकामी झाली. कारल्याची भाजी मात्र भरपूर आहे, ती सगळ्यांना मिळते. शेवटी बसणाऱ्याच्या पानात फक्त कारलं.

हे मला सात वर्षांपूर्वी माहीत होतं. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली होती: दर महिन्याला फासे टाकण्याआधी खेळाडूंची यादी पत्त्यांसारखी पिसायची. म्हणजे पंगतीत दर वेळी जागा बदलायच्या. आज शेवटी बसलेला उद्या पहिला. मग कुणावर अन्याय नाही. ही ओळ का आहे, हे मात्र मी शेजारी लिहून ठेवलं नव्हतं.

नव्या अपडेटच्या वेळी केटच्या लोकांना गेम जलद चालायला हवा होता. शिरीषाने कुठे वेळ जातो ते शोधलं. हजारो खेळाडूंची यादी दर महिन्याला पिसण्यात वेळ जात होता. तिने ती ओळ काढली. न पिसलेली यादी इंजिनला मिळायची ती गेममधल्या टीमच्या स्क्रीनवर दिसते तशी, आडनावाप्रमाणे.

आमच्याकडे कुणीही केलेला बदल दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय आत जात नाही. त्याला रिव्ह्यू म्हणतात. शिरीषाने जुना रिव्ह्यू उघडला. तिने तिथे विचारलं होतं, ‘मॅडम, ही ओळ कशासाठी आहे? काढली तर चालेल?’

त्याखाली माझं उत्तर होतं. ‘ओके. फासा रँडम आहेच. आधी पिसायची गरज नाही.’

मी ते दोनदा वाचलं. कधी लिहिलं ते आठवेना. दुपारी कामाच्या गडबडीत असेच दहा ओके दिले असतील, त्यातला एक.

“मी काढली मॅडम,” शिरीषा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सर मला बेंचवर टाकतील. घरी काय सांगू?”

“तू विचारलं होतंस,” मी म्हणाले. “ओके मी दिला.”

हे सांगताना मी मोठी धीराची वाटत असेन तर तसं नाही. ती जागेवर गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ओळ फक्त एक आहे. परत टाकली की झालं. कुणाला कळायचं कारण नाही.

सरांकडे गेले तर त्यांनीही नेमकं तेच सुचवलं.

“पुढच्या छोट्या अपडेटमध्ये, पॅचमध्ये, टाका ना,” ते म्हणाले. “खाली लिहायचं, बॅलन्सिंगमध्ये सुधारणा. खोटं थोडंच आहे?”

“सर, गेल्या शुक्रवारी मी काही बिघडलेलं नाही म्हणून सांगितलंय. माझ्या नावाने फोरमवर लागलंय.”

“तेच म्हणतो मी. तुमचंच नाव आहे. आता बग होता म्हणून सांगितलं तर तुमचं जाईल, माझं जाईल. वर्षअखेरीला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. या टीममध्ये चौदा माणसं आहेत, वंदना गारू.”

त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. राजशेखर सर वाईट माणूस नाहीत. चौदा घरांचा विचार करणाऱ्याला तसंच सुचतं. “उद्या सांगते,” म्हणून मी उठले.

जागेवर येऊन आधी व्हीलर यांना उत्तर लिहायला बसले. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. पुढच्या पॅचमध्ये बॅलन्सिंग सुधारलं जाईल.’ लिहिलं आणि पुसलं. दुसऱ्यांदा थोडं वेगळं लिहिलं, तेही पुसलं. समोर टेबलावर त्यांची अकरा पानं होती. निळ्या-लाल शाईत, पट्टीने आखलेली. ज्या माणसाला मी चार दिवसांपूर्वी ढगातला हत्ती समजावून सांगितला, त्याला आता मी सांगणार होते की हत्ती नव्हता, पण आम्ही सुधारणा केली आहे. तो माणूस मूर्ख नव्हता. ते वाक्य वाचून त्याला सगळं कळलं असतं. आणि तो परत रागाचा शब्द न काढता गप्प बसला असता.

तिसऱ्यांदा मी लिहिलं, ‘तुमचं बरोबर आहे. माझी चूक झाली.’ आणि पाठवून टाकलं. सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटला. “मग आता मला सांगता कशाला,” एवढंच म्हणाले.

शुक्रवारचा कॉल. सर, मी आणि शिरीषा मीटिंग रूममध्ये. इडलीची पाकिटं न उघडता तशीच टेबलावर. मी आलेख दाखवला, कोटा समजावला, पिसण्याची ओळ समजावली.

केट पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे मागच्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलं ते...”

“चूक होतं. मी तपासलं नव्हतं.”

“आणि मी ते तुमच्या नावाने छापलं.”

“हो.”

“लोकांनी खेळून ठेवलेले सीझन? ते दुरुस्त होतील?”

“नाही. अपडेटनंतर जे खेळले गेले त्यातले फासे परत टाकता येत नाहीत. इथून पुढचं नीट होईल.”

तिने ते लिहून घेतलं. मग तिने विचारलं, “ती ओळ कुणी काढली?”

“काढायला परवानगी मी दिली,” मी म्हणाले. “ओळ मीच लिहिली होती. का लिहिली ते नोंदवलं नाही, आणि नंतर स्वतःच विसरले.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शिरीषाने पुढे वाकून टेबलावरचा माइक स्वतःकडे ओढला. “काढली मी,” ती इंग्रजीत म्हणाली. शब्द सावकाश, पण स्पष्ट. “वेळ वाचवायला काढली. आधी इंजिन चालवून बघायला हवं होतं, ते केलं नाही. आता केलंय. दुरुस्ती तयार आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा देते.”

दोन वर्षांत क्लायंटच्या कॉलवर ती इतकं पहिल्यांदाच बोलली.

केट आमच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. “दुरुस्ती आजच पाठवा,” ती म्हणाली. “ती शिरीषाच करेल. आणि पुढचे सहा महिने इंजिनमधला प्रत्येक बदल आमच्याकडचा माणूस वाचेल. वंदना, तुमचा ओके पुरणार नाही.”

बावन्नाव्या वर्षी, स्वतः लिहिलेल्या इंजिनवर, माझा ओके पुरणार नव्हता. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

संध्याकाळी केटने फोरमवर सगळं जसंच्या तसं लिहिलं. दोन दिवस वणवा पेटला. काही लोकांनी गेम परत केला. कुणी माझ्या जुन्या खुलाशातलं नाण्याचं उदाहरण काढून त्यावर चित्रं बनवली. एक तर खरंच चांगलं होतं. इम्रानने ते मला दाखवायचं की नाही यावर बराच विचार केला असावा, शेवटी दाखवलं. तिसऱ्या दिवशी लोक दुसऱ्या भांडणाकडे वळले.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण तीन वर्षांचं असायचं ते एका वर्षाचं. सर जवळजवळ महिनाभर माझ्याशी फक्त मेलवर बोलले. त्या वर्षी क्लायंटकडे माझं नाव लीड, म्हणजे टीमप्रमुख, म्हणून गेलं नाही. शिरीषा बेंचवर गेली नाही. केट आता इंजिनबद्दलचे प्रश्न थेट तिला विचारते, आणि ती घाम न पुसता उत्तरं देते.

गोष्ट इथे संपली असती तर सोयीचं झालं असतं. पण दुरुस्तीनंतर तीन आठवड्यांनी फोरमवर नवी पोस्ट आली: ‘फासे अजून खोटेच आहेत.’ मग आणखी एक. कुणी म्हणे डावखुरे घसरतात, कुणी म्हणे आपण ज्याला कॅप्टन करतो तो हमखास घसरतो.

सर माझ्या टेबलाशी आले. महिन्यानंतर पहिल्यांदा. “आता?” त्यांनी विचारलं.

“चालवून बघते,” मी म्हणाले.

शिरीषाने आणि मी डावखुरे तपासले. कॅप्टन तपासले. दोन्हीकडे रेघ सपाट. काही नव्हतं. ते खरोखर नशीब होतं, आणि लोकांना ते आमच्या बगइतकंच खोटं वाटत होतं. मला हे पचवायला वेळ लागला. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. ज्याचा खेळाडू घसरला त्याला आतून वाटतंही सारखंच. फरक फक्त कुणीतरी बसून मोजलं तर कळतो.

केटने मग गेमच्या सेटिंगमध्ये एक सरकती पट्टी टाकायला सांगितली. फाशाचा जोर किती ठेवायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं. शून्यावर नेला तर खेळाडू वयाप्रमाणे वाढतात आणि उतरतात, नशिबाचा हात नाही. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींनी पट्टी शून्यावर नेली, आणि काही दिवसांनी लिहिलं की गेममध्ये आता मजा नाही.

व्हीलर यांचाही मेल आला. दुरुस्तीनंतर त्यांनी चार सीझन खेळले होते. त्यांचा एक तरुण पिचर, ज्याच्यावर त्यांनी सगळी आशा ठेवली होती, दुसऱ्याच वर्षी घसरला. त्यांनी लिहिलं होतं: ‘रजिस्टर तीनदा पाहिलं. या वेळी काही सापडलं नाही. तेव्हा नशीबच म्हणायचं. नशिबाशी माझं भांडण नाही, मॅडम. मला फक्त शेवटच्या बाकावर बसवलेलं चालत नाही.’

मी तो मेल शिरीषाला दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, “त्यांनी पट्टी कितीवर ठेवलीय, विचारू या का?” आम्ही विचारलं. त्यांनी पट्टीला हातही लावला नव्हता.

आता टीममध्ये कुणी “ते रँडम आहे मॅडम” म्हणालं की मी एवढंच विचारते, तपासलंस का? बहुतेक वेळा ते रँडमच निघतं. तपासण्यात अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्यायचा.